उजेड कुठून आला?

गावभाग, सांगली
१८ जानेवारी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी हृदयावरची फिल्म रविवारी बघितली. मोबाइलवर नाही. शेजारच्या पोराला बोलावून टीव्हीला जोडून घेतली. आईनं नुकती ताटं वाढली होती, तेवढ्यात पडद्यावर हृदयाच्या झडपा उघडमीट करायला लागल्या. "जेवताना हे असलं?" म्हणून ती पाठ करून बसली. पण कान इकडंच होते, कारण आमटी वाढता वाढता विचारते, "दिवसाला एक लाख ठोके म्हणाली ना? पोरगी कायतरी ठोकून देत नाही ना हो?" मग वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. ७० गुणिले ६० गुणिले २४. १,००,८०० झाले. तेव्हा तिचं समाधान झालं.

फिल्म चांगली झालीय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना चिडणार नाहीस. भाषा आपली आहे. झडपा मिटतात त्याचाच तो 'लब-डब' आवाज, हे तू दार आपटून दाखवलंस ते फार आवडलं. पण ४० वर्षं स्टुडिओ चालवलेल्या माणसापुढं कुठलंही चित्र ठेवलं, की तो आधी एकच बघतो: उजेड कुठून आला? तुझा कॅमेरा रक्तवाहिनीतून सुळकन जातो आणि आत लख्ख दिवस. भिंती गुलाबी, तांबड्या पेशी चकाकतायत, जणू मागं कुठंतरी खिडकी उघडी आहे. तिथं खिडकी कुठली? माणसाच्या आत अंधार असतो.

अगदी मिट्ट काळोख मात्र नाही, आणि हे आपल्या घरात आधी तुलाच कळलं होतं. लोडशेडिंगचे दिवस आठवतात? तू सहा वर्षांची असशील. रोज संध्याकाळी दिवे गेले की तुला बॅटरी लागायची. एकदा ती मुठीत घट्ट धरलीस, बोटं तांबडीलाल झाली, आणि ओरडलीस, "आप्पा, माझ्या हातात डार्करूम आहे!" मला कोण कौतुक वाटलं होतं. फोटो धुवायच्या डार्करूममधला दिवा लाल का असतो ते मला ठाऊक होतं, फोटोच्या कागदावर त्याचा परिणाम होत नाही म्हणून. पण मूठ लाल का दिसते, हे तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगतो. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा उजेड पिऊन टाकतं आणि तांबड्याला जाऊ देतं. त्यात प्राणवायू भरलेला असला तर तांबडा जास्त सुटतो, नसला तर कमी. कोरोनात आपण सगळे बोटाला चिमटा लावून बसायचो, तो ऑक्सिमीटर याच फरकावर चालतो. ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनिअरनं १९७४ च्या सुमारास ही युक्ती काढली. म्हणजे तुझीच बॅटरी, फक्त मोजपट्टी लावलेली.

दुसरी गोष्ट रंगाची. तुझ्या फिल्ममधलं शिरांतलं रक्त निळंशार आहे. अगं, तक्त्यावर ओळखायला सोपं जावं म्हणून तो निळा असतो, आणि पोरं तेच खरं धरून बसतात. रक्तदान शिबिरात पिशवी भरते ते शिरेतलंच रक्त की! काळपट लाल असतं. मनगटावरच्या नसा निळ्या दिसतात तो कातडीतून उजेड परततो त्याचा खेळ आहे.

रंगाबद्दल मी एवढा का बोलतोय, तर माझ्याआधी स्टुडिओ चालवायचे त्या आण्णांची एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. त्यांच्या वेळी फोटो काळेपांढरे, आणि लग्नाचा फोटो रंगवून हवा असला तर ते काडीला कापूस गुंडाळून हातानं रंगवायचे. फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहून घ्यायचे: शालू अमुक रंगाचा, काठ तमुक. एकदा लिहायचं राहिलं. आण्णांनी आपल्या मनानं शालू हिरवागार रंगवला. झाला सुंदर. पण शालू होता जांभळा. नवरदेवाची आजी दुकानात येऊन म्हणाली, "ही आमची सून न्हवं." पैसे परत दिले आणि फोटोही दिला.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो बघताना मला ही आजी आठवते. तिथं उजेडच नसतो, इलेक्ट्रॉनचा झोत असतो, त्यामुळं येणारं चित्र करडंच. पुढं कुणीतरी संगणकावर विषाणू पोपटी करतो, चेतापेशी जांभळी करतो. करू दे, मलाही बघायला आवडतं. पण शालूचा रंग कुणी सांगितला, हे फोटोच्या मागं लिहिलेलं असावं.

आता माझंच घे. गणपतीत मिरजेला अँजिओग्राफी झाली तेव्हा तुला सुट्टी मिळाली नाही आणि मी फोनवर "किरकोळ आहे" म्हणून वेळ मारून नेली. खरं काय झालं ते ऐक. मनगटातून बारीक नळी आत सरकवली. भूल फक्त तेवढ्या जागेला, त्यामुळं मी टक्क जागा. डाव्या हाताला मोठा पडदा होता. त्यावर बरगड्यांच्या फिकट सावल्या, आणि हृदय म्हणजे नुसता एक धुरकट, हलणारा डाग. मनात आलं, एवढंच? मग त्यांनी आयोडीनचा द्रव सोडला आणि एका क्षणात पडद्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं झाड उभं राहिलं. पानगळ झालेल्या पिंपळासारखं, फांदीला फांदी, काळंभोर, आणि प्रत्येक ठोक्याला गदगदा हलणारं. दोन-तीन सेकंदांत विरघळून गेलं. परत द्रव, परत झाड. एका फांदीला मधेच कुणी चिमटा काढल्यासारखी बारीक जागा होती. डॉक्टर काही बोलायच्या आधी मला दिसली. फोटोतले बारीक डाग पुसत आलेल्याच्या नजरेतून असलं सुटत नाही. त्याच वाटेनं स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला.

त्या खोलीत गुलाबी काहीच नव्हतं, मुक्ता. तरी आजवर बघितलेल्या सगळ्या माहितीपटांत मला तोच भारी वाटला.

ही नळी माणसाच्या हृदयापर्यंत पहिल्यांदा नेली कुणी, ते घरी आल्यावर शोधून काढलं. वेर्नर फोर्समान, जर्मनीतला पंचविशीतला डॉक्टर, साल १९२९. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. मदतीला आलेल्या परिचारिकेला वाटलं प्रयोग आपल्यावर होणार. यानं तिला टेबलाला बांधून ठेवलं आणि नळी घातली स्वतःच्याच कोपराजवळच्या शिरेत! ६५ सेंटीमीटर. तशीच नळी घेऊन जिना उतरून एक्सरेच्या खोलीत गेला. आत नळी कुठं पोचलीय ते दिसावं म्हणून समोर आरसा धरायला लावला. १९५६ मध्ये नोबेल मिळालं, पण मला त्या आरशाचंच जास्त वाटतं. तुझ्या फिल्ममध्ये हा माणूस हवा होता. १२ मिनिटांत हृदय कसं चालतं ते सगळं आलं, पण हृदय कुणाला, कशानं, कसं दिसलं, ते कुठंच नाही.

आणि हे लपवलं की काय होतं? लेनार्ट निल्सन हा स्वीडिश फोटोग्राफर तुला माहीतच असेल. ३० एप्रिल १९६५ च्या 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा गर्भाचा फोटो आला. पारदर्शक पिशवीत तरंगणारं बाळ, मागं अंतराळासारखा काळोख. तरुणपणी एका जुन्या पुस्तकात मी ते फोटो बघितले आणि रात्रभर विचार करत बसलो, की याला पोटात एवढा सुंदर बाजूचा उजेड टाकता आला कसा? फार वर्षांनी वाचलं की बहुतेक फोटो पोटातले नव्हतेच. गर्भपातानंतर किंवा शस्त्रक्रियेत बाहेर आलेले गर्भ द्रवात ठेवून, दिवे लावून ते काढलेले. काम अजोड आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जगानं ते जिवंतपणाचं चित्र म्हणून भिंतीवर लावलं. मला कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं, आणि तेही माझ्याच धंद्यातल्या माणसानं.

तुझा पहिला फोटो मात्र पोटातलाच होता, आणि त्यात उजेडाचा कणही नव्हता. सोनोग्राफी म्हणजे आवाजानं काढलेला फोटो. ग्लासगोच्या इयन डोनाल्डनं १९५८ मध्ये हे जगापुढं मांडलं, आणि यंत्र आणलं होतं कुठून, तर कारखान्यात लोखंडातली चीर शोधतात तिथून. आपल्याकडं साखर कारखान्यात बॉयलरचं वेल्डिंग तपासतात, त्याचंच भावंड. भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी, खाली मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे बघा, ठोका." मला पावसात काच पुसल्यासारखं काहीतरी दिसलं. आईला मात्र सगळं दिसलं म्हणे.

बीबीसीची १९९८ ची मानवी शरीरावरची मालिका तुझ्या कॉलेजात दाखवली होती म्हणालीस. रॉबर्ट विन्स्टन, मिशीवाले डॉक्टर. त्यात हर्बी नावाचा कर्करोगाचा रुग्ण आहे. त्यानं स्वतःहून परवानगी दिली आणि त्याचा शेवटचा श्वास कॅमेऱ्यानं टिपला. त्या मालिकेत भारी भारी चित्रं होती, पण मला एवढंच लख्ख आठवतं. त्यावर तेव्हा बराच गदारोळ झाला. मला त्यात गैर काही वाटलं नाही, कारण कोण दाखवतंय आणि कुणाच्या परवानगीनं, हे बघणाऱ्याला आधीच सांगितलेलं होतं.

तर फिल्म पुन्हा एडिटला घेणार असशील, तर सुरुवातीला ती बॅटरीची मूठ टाक. लहान पोराचा हात शोध, मोठ्यांची बोटं जाड, तेवढी छान लाल होत नाहीत. निळ्या शिरा ठेवायच्या असतील तर ठेव, खाली एक ओळ लिही.

तब्येत बरी आहे. रोज सकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जातो, गोळ्या वेळेवर घेतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणतात. म्हणजे गणपतीत त्या टेबलावर माझ्या अंगात होत्या, त्या जवळजवळ सगळ्या आता बदलल्या. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "स्वभाव तेवढा राहिला."

शेजारचा पोरगा पुण्याला निघालाय, त्याच्याजवळ भडंग देतोय. डब्याच्या खाली माझ्या अँजिओची सीडी आहे. आता सीडी कुणाकडं चालत नाही म्हणतात, पण तुमच्या ऑफिसात सोय असेल. फिल्ममध्ये वापरायची असेल तर वापर, हे पत्र म्हणजेच परवानगी समज. फक्त रंग भरू नकोस. मधे एका जागी सगळं झाड एकदम पुसट होतं, ते कापू नको. तिथं आतली मुलगी म्हणाली, "काका, श्वास धरा, हलू नका." आणि गिऱ्हाइकांना ४० वर्षं हेच सांगत आलेल्या मला हसू आलं. हललेला फोटो मी दुकानातून कधी बाहेर जाऊ दिला नाही. हा एवढा जाऊ दे.

तुझा
आप्पा