गटारीच्या आठवड्यातील मीटिंगबाबत सूचना

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्या आपल्या गटाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

आषाढ अमावास्या जवळ आली आहे. ‘श्रावणात सोडणारच आहे’ म्हणत या दिवसांत भरपूर प्यायली जाते, आणि दारू सुटावी असं मनापासून वाटणारा एखादा आपल्या दारापर्यंत येऊन परत फिरतो. म्हणून या आठवड्यात मीटिंगच्या अर्धा तास आधी दोघांनी तरी जिन्यापाशी थांबावं. नवा माणूस चप्पल काढू की नको अशा विचारात घुटमळत असतो. त्याला आत आणा, चहा द्या. पहिलं नाव पुरे, आडनाव विचारू नका.

ओळखीत कुणी चौकशी केली तर स्पष्ट सांगा: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये फी नाही. दारू थांबवायची इच्छा, एवढीच अट. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. परगावच्या नातेवाइकाला १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन कळवा.

एक मात्र कळकळीने सांगणं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर थरथर, भास, फिट असा त्रास होऊन जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्या, मीटिंग नंतर. ‘मनाचा निश्चय हवा’ असले सल्ले इथे देऊ नका.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंग वेगळ्या असतात. पिणारा यायला तयार नसला तरी बायको, आई जाऊ शकतात. मध्येच ज्यांची पुन्हा सुरू झाली, त्यांनीही संकोच न करता यावं. आम्ही वाट पाहतोय.

मीटिंगचे फोटो कुणीही काढू नयेत.

– सेक्रेटरी