लॉकाचं तोंड ‘पुढे’ म्हणजे नेमकं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात दुचाकी कशी सांभाळावी यावर लेख आला होता. लेख उपयोगी होता. पण चेनबद्दल त्यात एकच ओळ होती: नवी चेन घरच्या घरी बसवता येते, फक्त लॉकाचं तोंड पुढे ठेवावं. (लॉक म्हणजे चेनचा जोड धरून ठेवणारी छोटी क्लिप.) त्या ‘पुढे’ या एका शब्दाबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्याच शब्दापायी माझ्या भाच्याचा जीव जाता जाता राहिला.

भाचा नाशिकजवळच्या गोंद्याच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि नाशिकच्या सिडकोत आमच्याच इमारतीत राहतो. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री बाराच्या सुमारास तो मुंबई-आग्रा रस्त्यानं घरी येतो. गेल्या ऑगस्टात एका रविवारी त्यानं चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं, स्वतः बदलली. त्यानंतरच्या गुरुवारी रात्री वाडीवऱ्ह्याजवळ, पाऊस चालू असताना, खालून खडाड् असा आवाज आला. चेन सुटून पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली, मागचं चाक अडकलं आणि गाडी आडवी झाली. मागच्या ट्रकवाल्यानं वेळेत ब्रेक मारला म्हणून पोरगा आज आहे. कोपर सोलवटलं, इंजिनच्या केसला चीर पडली, ऑइल रस्त्यावर सांडलं. घोटीहून येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं गाडी आणि भाचा दोघांनाही सिडकोपर्यंत आणून सोडलं आणि एक पैसा घेतला नाही. त्या माणसाचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही, याची मला आजही रुखरुख आहे.

मी सातपूरच्या एमआयडीसीत 31 वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. कन्व्हेयरच्या चेनी जोडण्यात आणि तोडण्यात हयात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी द्राक्षाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा पार्किंगमध्ये अंथरला आणि त्यावर ती चेन सरळ करून ठेवली. एकेक कडी बोटानं तपासली. एकही कडी तुटलेली नव्हती, एकही पिन मोडलेली नव्हती. दोन पिनांची जोडकडी एका टोकाला अडकून होती, तिच्यावरची पत्ती गायब आणि लॉकही गायब. म्हणजे चेन तुटली नव्हती, उघडली होती.

भाच्याला विचारलं, लॉक कसं बसवलंस? त्यानं सगळं खरं सांगितलं. खालच्या बाजूला हात घालायला जागा जास्त मिळते म्हणून त्यानं पुठ्ठ्यावर आडवं होऊन चेन खालीच जोडली होती आणि लॉकाचं तोंड पुढे, म्हणजे हेडलाइटकडे केलं होतं. त्याला जसं सांगितलं गेलं होतं तसंच त्यानं केलं, आणि ते उलटं झालं.

ज्यांनी लॉक हातात घेऊन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही स्प्रिंगच्या पत्र्याची बोटाच्या पेराएवढी चकती असते. आकार माशासारखा. एक टोक बंद आणि गोल, ते तोंड. दुसरं टोक चिरलेलं, ती शेपटी. जोडकडीच्या दोन पिनांना शेवटी बारीक खाच असते, त्या खाचांमध्ये हे लॉक सरकून बसतं आणि बाहेरची पत्ती धरून ठेवतं. चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला मासा तोंड करून पोहला पाहिजे. मग वाटेत चिखल, खडा किंवा कव्हरची कड लागली तर लॉक आणखी घट्ट बसतं. शेपटी पुढे असेल तर तोच खडा लॉकाला मागे ढकलतो आणि ते खाचेतून निघतं.

आता चेन धावते कुठे? वरच्या बाजूला ती मागच्या चाकाकडून इंजिनकडे, म्हणजे पुढे जाते. खालच्या बाजूला ती इंजिनकडून मागे जाते. म्हणून लॉक वर असताना तोंड हेडलाइटकडे हवं, खाली असताना टेललाइटकडे, आणि मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला असताना आकाशाकडे. गाडीचं तोंड पाहून ठरवायचं नाही, चेनची चाल पाहून ठरवायचं. एवढंही लक्षात राहत नसेल तर गाडी मेन स्टँडवर घ्यावी, न्यूट्रल करावी, इंजिन बंद ठेवून चाक हातानं पुढच्या दिशेला फिरवावं आणि लॉक जाताना पाहावं. आधी गोल टोक गेलं पाहिजे. इंजिन चालू ठेवून हे कधीही करू नये. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बोट गेलेले दोन कामगार मी कारखान्यात पाहिले आहेत.

काही लोक म्हणतील, मग घरी करायचंच कशाला, गॅरेजला टाका. मला हे पटत नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला गॅरेज उघडं असेल तेव्हा सुट्टी नसते. शिवाय गॅरेजमध्ये काम नीटच होतं असं नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीला नवी चेन टाकताना एका गॅरेजवाल्यानं जुनंच लॉक परत चढवलं होतं. मी नखानं ढकललं तर ते निघालं. एकदा काढलेल्या लॉकाचा ताण गेलेला असतो, ते पुन्हा वापरू नये. आपल्या हातानं नीट केलेलं काम मला जास्त भरवशाचं वाटतं. फक्त ते नीट कळलेलं पाहिजे.

त्या पुठ्ठ्यावरच मी भाच्याला नवी चेन जोडायला शिकवलं. इंजिनची दुरुस्ती होऊन गाडी परत आली होती. आधी कव्हर पूर्ण काढलं. पुढच्या स्प्रॉकेटवरून चेन ओवणं अवघड जातं, पण जुनी चेन अजून गाडीवर असेल तर नव्या चेनचं टोक तिला तात्पुरतं जोडून ओढून घेता येतं. मग नव्या चेनची दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटच्या शेजारच्या दातांवर बसवायची. दात टोकं बरोबर अंतरावर धरून ठेवतात, त्यामुळे जोडकडी आतून सहज शिरते. खाली लोंबत्या चेनमध्ये हेच काम करायला गेलं की हात थरथरतो आणि पिन तिरपी जाते. वरून पत्ती बसवायची आणि पिनांच्या खाचा पूर्ण दिसेपर्यंत दाबायची. खाच अर्धी दिसत असताना लॉक ढकललं तर ते बसल्यासारखं दिसतं, पण बसलेलं नसतं. शेवटी नोज प्लायरचा एक जबडा पिनेवर आणि दुसरा लॉकाच्या गोल टोकावर ठेवून दाबायचं. टक् असा आवाज येतो. भाच्याला तो आवाज मी तीन वेळा ऐकवला, तीन वेगवेगळी लॉकं वापरून.

मापाकडेही लोक दुर्लक्ष करतात. बहुतेक लहान गाड्यांना 428 ची चेन असते. पहिला आकडा इंचाच्या आठव्या भागांत कड्यांमधलं अंतर सांगतो. 4 म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. 520 मध्ये तो 5 आहे, म्हणजे 15.875 मिलिमीटर, त्यामुळे तिथे 428 चं लॉक लागणारच नाही. खरा धोका मात्र त्यात नाही. 420 आणि 428 मधलं अंतर सारखंच, पण 420 अरुंद. 428 आणि 428 एचमध्येही अंतर सारखं, पण एचच्या पत्त्या जाड. साध्या 428 ची जोडकडी एचच्या चेनमध्ये शिरते, पण पिन तोकडी पडते आणि खाच पुरती बाहेर येत नाही. म्हणून चेनबरोबर आलेलीच जोडकडी आणि लॉक वापरावं. दुकानदारानं डब्यातून काढून दिलेलं सुटं लॉक घेऊ नये.

ओ-रिंगवाल्या चेनला जोडकडीत चार रबरी रिंगा लागतात, दोन आत, दोन बाहेर, आणि पिनेला सोबत दिलेलं ग्रीस भरायचं असतं. अशी चेन पेट्रोलनं धुऊ नये, रबर खराब होतं. मोठ्या ताकदीच्या गाड्यांच्या चेनला लॉक नसतं, पिनेचं टोक रिव्हेट करून पसरवलेलं असतं. त्याला वेगळं टूल लागतं. ते टूल नसेल तर हातोडीनं ठोकून रिव्हेट करण्याचा प्रयत्न कृपा करून कोणी करू नये. तिथे मीसुद्धा गाडी माहितगाराकडेच नेईन.

पूर्ण बंद कव्हर असलेल्या गाड्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे शेताच्या आणि बांधकामाच्या रस्त्यांवर त्याच जास्त चालतात. कव्हरमुळे चेनला धूळ लागत नाही हे खरं, पण लॉक निघालं तरी आतलं काही दिसत नाही. कव्हरला झोल, म्हणजे चेनचा ढिलेपणा, पाहण्यासाठी एक रबरी बूच असतं. ते काढून, चाक हळूहळू फिरवून, दर आठवड्याला एकदा लॉक दिसतं का एवढं तरी पाहावं. झोल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतका ठेवावा. चेन सगळीकडे सारखी नसते, म्हणून चाक फिरवून सगळ्यात ताठ जागी मोजावा. आणि अॅक्सलचा नट आवळून झाल्यावर मागचा ब्रेक तपासावा, चाक सरकलं की तोही बदलतो.

आपल्याला विनंती अशी की पुरवणीच्या पुढच्या अंकात त्या ओळीची दुरुस्ती छापावी आणि शक्य असेल तर माशाचं चित्र द्यावं, वरच्या आणि खालच्या बाजूला वेगवेगळं. चेनच्या पाकिटावर इंग्रजी मजकूर असतो आणि नखाएवढं चित्र. आपल्या शहरातले सुट्या भागांचे दुकानदार प्रत्येक चेनसोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी देऊ शकतात. मजकूर मी लिहून देईन. त्र्यंबक रोडच्या आयटीआयमधल्या निदेशकांनी एखाद्या रविवारी सकाळी कामगारांसाठी तासभर प्रात्यक्षिक ठेवलं तर फारच चांगलं होईल. त्यांनी बोलावलं तर जुनी चेन, नवी लॉकं आणि नोज प्लायर घेऊन मी येईन आणि भाच्यालाही आणीन. वाडीवऱ्ह्याची ती चेन आम्ही अजून ठेवली आहे, तीही दाखवता येईल.

आपला,
एक निवृत्त फिटर, सिडको, नाशिक