‘गुलाम’ हा शब्द मुलांपासून लपवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी संक्षिप्त केलेल्या परदेशी कादंबऱ्यांविषयी लेख आला होता. अशा पुस्तकांतून क्लेशदायक भाग गाळले जातात याबद्दल लेखकाने समाधान व्यक्त केले आहे. सदतीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर मी आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. त्या अनुभवावरून मला या समाधानाला मनापासून विरोध नोंदवावासा वाटतो.

मागच्या पावसाळ्यात आम्ही अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांच्या हकलबरी फिन ऊर्फ हक या मुलाची गोष्ट वाचायला घेतली. वाचनालयात तिची ऐंशी-नव्वद पानांची, रंगीत चित्रांची मराठी संक्षिप्त आवृत्ती होती. प्रकाशकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हा एका प्रकाशकाचा दोष नाही. वाचता वाचता आम्ही जिम पळून जाऊन बेटावर लपतो त्या प्रसंगाशी आलो, तेव्हा सहावीतल्या एका मुलाने हात वर करून विचारले, “बाई, जिम नोकर होता ना? मग त्याने नोकरी सोडली का नाही? लपायचं कशाला?” मी पान पुन्हा पाहिले, आधीची पाने चाळली, आणि लक्षात आले की संपूर्ण पुस्तकात ‘गुलाम’ हा शब्द एकदाही आलेला नाही. जिम हा सगळीकडे ‘मिस वॉट्सनबाईंचा नोकर’ होता. मुलाचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि हातातल्या पुस्तकात त्याचे उत्तर नव्हते.

मूळ कादंबरीत जिम हा मिस वॉट्सन या बाईंच्या मालकीचा गुलाम आहे, आणि तो का पळतो, हे स्पष्ट सांगितलेले आहे. न्यू ऑर्लिन्सकडच्या व्यापाऱ्याकडून आपल्याला आठशे डॉलर मिळू शकतात, असे मिस वॉट्सन बोलताना तो ऐकतो. दक्षिणेला विकले जाणे म्हणजे बायको आणि दोन मुले यांची कायमची ताटातूट, हे त्याला पुरते ठाऊक असते. गोष्ट घडते तो मिझुरी प्रांत गुलामगिरीला कायद्याने मान्यता देणारा होता. मिसिसिपी नदीपलीकडचे इलिनॉय हे गुलामगिरी नसलेले ‘मुक्त’ राज्य असले, तरी पळालेल्या गुलामाला पकडून देणाऱ्याला तिथेही बक्षीस मिळत असे. म्हणून नदीने खाली केरो गावापर्यंत जायचे आणि तिथे मिळणाऱ्या ओहायो नदीने वर मुक्त राज्यांत शिरायचे, असा घरातून पळालेला हक आणि जिम या दोघांचा बेत ठरतो. धुक्यात केरो मागे पडते, आणि मग तराफा जितका पुढे जाईल तितका जिम गुलामगिरीच्या मुलखात आणखी खोल ओढला जातो. मी फळ्यावर दोन नद्या काढून हे समजावले, तेव्हा इतका वेळ चुळबुळ करणारी मुले गप्प झाली. संक्षिप्त पुस्तकात मात्र नदी होती, धुके होते, तराफा होता, आणि ही सगळी सहल असावी असे वाटत होते.

दुसरी काटछाट मला त्याहून अधिक लागली. हकचा बाप दारुडा आहे. मुलाच्या नावावरचे सहा हजार डॉलर मिळावेत म्हणून तो त्याला पळवून रानातल्या झोपडीत कोंडतो, फोकाने मारतो, एकदा तर तीन दिवस बाहेरून कुलूप लावून निघून जातो. एका रात्री दारूच्या भ्रमात सुरी घेऊन तो पोराच्या मागे धावतो. मुलगा शाळेत जाऊन वाचायला शिकला, याचाही त्या बापाला राग आहे. तेरा-चौदा वर्षांचा हा पोरगा शेवटी डुकराच्या रक्ताने आपल्या खुनाचा देखावा उभा करून पळतो. आपल्या मराठी पुस्तकात यातले उरले होते ते एकच वाक्य, की हकचे वडील थोडे रागीट होते.

मुलांना असे काही वाचायला देऊ नये म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की आमच्या सतरंजीवर बसणाऱ्या मुलांपैकी काहींना हे नवीन नसते. मी मूळ इंग्रजीवरून या भागाची चार प्रकरणे माझ्या वहीत मराठीत उतरवली आणि पुढच्या शनिवारी वाचली. सगळे घरी गेल्यावर एक मुलगी थांबली आणि वही घेऊन कोपऱ्यात बसली. तिने झोपडीचे पान पुन्हा वाचले आणि एवढेच विचारले, “नंतर त्याला बाप सापडतो का हो, बाई?” तिच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

हे दोन भाग गाळले की हक आणि जिम यांच्या मैत्रीलाही अर्थ राहत नाही, असे माझे मत आहे. एक बापाच्या मारातून निसटलेला आणि दुसरा विकला जाण्याच्या धास्तीने पळालेला, म्हणून ते एका तराफ्यावर आहेत. शिवाय ही मैत्री पहिल्या दिवसापासून तयार मिळालेली नाही. धुक्यात चुकामूक होऊन परत भेटल्यावर हक जिमची थट्टा करतो. तुला हे सगळे स्वप्नात दिसले, असे त्याला पटवू पाहतो. जिमला खरे कळते, तेव्हा तो म्हणतो की तू हरवलास म्हणून माझे काळीज फाटले होते आणि तू मात्र खोटे बोलून मला मूर्ख बनवण्याचा विचार करत होतास. मग तो मुकाट्याने आत निघून जातो. गोऱ्या मुलाने काळ्या माणसाची माफी मागावी, हे हकने जन्मात पाहिलेले नाही. मनाची तयारी व्हायला त्याला पाव तास लागतो, पण तो जातो, आणि त्याबद्दल आपल्याला कधी पश्चात्ताप झाला नाही, असेही सांगतो.

याच जागी मराठीत एक अडचण उभी राहते, जी इंग्रजीत नाही. पोरसवदा हकने दोन मुलांच्या बाप असलेल्या जिमला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’? ‘तू’ हा मालकाच्या घरातला सूर, आणि ‘तुम्ही’ म्हटले तर त्या काळाशी खोटेपणा होतो. मुलांनी यावर अर्धा तास वाद घातला. एका मुलीचे म्हणणे होते की माफी मागितल्यानंतर त्याने ‘जिमकाका’ म्हणावे. मी वहीत ‘तू’च ठेवले, पण तिचे म्हणणे अजून माझ्या मनातून जात नाही.

मूळ पुस्तकात कृष्णवर्णीयांसाठी वापरलेला अपमानकारक शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो आणि त्यावरून अमेरिकेत फार वाद झाले आहेत. त्या शब्दाने ज्यांच्या पिढ्या दुखावल्या गेल्या, त्यांच्या आक्षेपाला मी हलके लेखत नाही. २०११ मध्ये तिथे एक आवृत्ती निघाली, तिच्यात त्या जागी ‘गुलाम’ असा शब्द घातला गेला. तिथे शिवी काढून ‘गुलाम’ आणला आणि आपण ‘गुलाम’ काढून ‘नोकर’ आणला, यातला फरक विचार करण्याजोगा आहे. तेही ज्या भाषेत महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिले आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले, त्या भाषेत. ट्वेन यांनी ही कादंबरी लिहायला घेतली ती त्यानंतर तीन वर्षांनी.

ट्वेन स्वतः १८९६ च्या जानेवारीत मुंबईला आले होते. त्यांच्या प्रवासवर्णनात एक प्रसंग आहे. हॉटेलच्या खोलीत गुडघे टेकून दाराचे काम करणाऱ्या एका हिंदी नोकराच्या जबड्यावर एका धिप्पाड जर्मन माणसाने फटका मारला, आणि काय चुकले ते मारल्यानंतर सांगितले. नोकर काही बोलला नाही. असे दृश्य पन्नास वर्षांत पाहिले नव्हते, असे ट्वेन लिहितात, आणि त्या एका फटक्यासरशी त्यांना मिझुरीतले आपले बालपण आठवते. दहा वर्षांचे असताना त्यांनी एका मालकाला क्षुल्लक चुकीवरून गुलामाच्या डोक्यात लोखंडी खनिजाचा दगड घालताना पाहिले होते. तो माणूस तासाभरात मेला. गावात ते कुणालाच आवडले नाही, पण कुणी फारसे बोललेही नाही. ज्याने लहानपणी हे पाहिले, त्याने लिहिलेली ही गोष्ट आहे.

हकला तर गाव, चर्च आणि कायदा यांनी हेच शिकवले होते की पळालेल्या गुलामाला मदत करणे ही चोरी आणि पाप आहे. तो मिस वॉट्सनला जिमचा ठावठिकाणा कळवणारी चिठ्ठी लिहितो. मग हकची झोप मोडू नये म्हणून स्वतःची पाळी संपल्यावरही पहारा देत बसणारा जिम त्याला आठवतो. आपण नरकात जाणार अशी पक्की खात्री असताना तो ती चिठ्ठी फाडतो. संक्षिप्त पुस्तकात याचे ‘हकने मित्राला मदत करायचे ठरवले’ एवढेच झाले आहे. उलट शेवटी हकचा दोस्त टॉम सॉयर पकडल्या गेलेल्या जिमला कोंडवाड्यातून सोडवण्याचा जो पोरखेळ मांडतो, तो मात्र भरपूर चित्रांसह पंचवीस पानांत आहे. माझ्या मते कादंबरीतला सर्वांत कच्चा भाग तोच. मिस वॉट्सनच्या मृत्युपत्राने जिम आधीच मुक्त झालेला आहे हे टॉमला ठाऊक असते, आणि तरी खेळासाठी तो त्याला कोंडून राहू देतो.

माझी प्रकाशकांना विनंती आहे की पुस्तक लहान करायला हरकत नाही, परंतु कोणते भाग वगळले ते पहिल्या पानावर छापावे, संक्षेप करणाऱ्याचे नाव द्यावे, आणि ‘गुलाम’ म्हणजे काय हे सांगणारी दोन पाने सुरुवातीला जोडावीत. आपल्या पुरवणीनेही अशा पुस्तकांची ओळख करून देताना संक्षेप मुळाशी ताडून पाहावा.

ज्या मुलाने पहिला प्रश्न विचारला होता, त्याने परवा वाचनालयाची ती प्रत परत केली. प्रत्येक पानावर ‘नोकर’ या शब्दावर त्याने पेन्सिलीने काट मारली आहे आणि वर ‘गुलाम’ असे लिहिले आहे. पुस्तक खराब केल्याचा दंड आमच्याकडे दहा रुपये आहे. तो मी घेतलेला नाही आणि पानेही खोडलेली नाहीत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
कराड तालुका, जि. सातारा