अव्वल कारकुनाला कोणी शिकवायचं?

महोदय,

शासकीय कर्मचाऱ्यांच्या नेतृत्व प्रशिक्षणाची चर्चा निघाली की ती जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्यापाशी सुरू होते आणि तिथंच संपते. मी महसूल खात्यात लिपिक म्हणून लागले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. म्हणून मधल्या पायरीबद्दल, म्हणजे लिपिकांकडून काम करून घेणाऱ्या अव्वल कारकुनाबद्दल लिहिते आहे.

अव्वल कारकुनाच्या पदोन्नतीचा आदेश मिळाला तेव्हा मला आनंद झाला, पण दुसऱ्याच दिवशी धडकी भरली. कालपर्यंत ज्या चौघांबरोबर डबा खाल्ला, त्यांच्याकडून आता काम करून घ्यायचं होतं. दुय्यम सेवा परीक्षा मी पहिल्या प्रयत्नात पास झाले होते, जमीन महसूल संहितेची कलमं तोंडपाठ होती. पण वयानं मोठ्या सहकाऱ्याचं टपाल तुंबलं तर त्याला चारचौघांत न दुखावता कसं सांगायचं, हे कुठल्याच पेपरात नव्हतं. मी सोपा मार्ग धरला. त्याचं काम मीच करू लागले, रात्री आठ-आठपर्यंत. बाकीच्यांनीही हळूहळू हात आखडता घेतला. एक दिवस श्रावणबाळ योजनेच्या अर्जासाठी एक आजोबा पाचव्यांदा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. अर्ज आमच्याच कपाटात, भलत्याच गठ्ठ्यात निघाला. त्यांनी आवाज चढवला नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायले आणि विचारलं, "ताई, आता परत यायला लागंल का?" ते अजून विसरता येत नाही.

त्या वेळच्या नायब तहसीलदार साहेबांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, की रोज सकाळी सगळ्यांना घेऊन दहा मिनिटं टपालवही वाचा आणि सोमवारी कार्यविवरणाचा, म्हणजे आलेल्या आणि निकाली निघालेल्या कामांच्या नोंदवहीचा, गोषवारा स्वतःपुरता न ठेवता सगळ्यांसमोर मांडा. कुणाकडे काय अडलंय आणि का, ते विचारा. 'का' विचारल्यावर कळलं, की ज्याला मी आळशी समजत होते त्याला संगणकावर मराठी टंकलेखन येत नव्हतं आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. दीड महिन्यात तो शिकला. पुढं त्याच्याच टेबलावर सगळ्यांत कमी प्रकरणं शिल्लक असत.

अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना १९८० च्या दशकात कचेरीतले कागद लावण्याची, सांभाळण्याची जी घडी बसवली, तिचा आजही दाखला दिला जातो. पण गठ्ठे रोज लावून घेणारा माणूस टेबलांमध्ये बसलेला असतो. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ नस्ती, म्हणजे फाइल, एकाकडे पडून राहू नये असं बजावलं. ते पाळलं जातं की नाही, हेही त्याच माणसावर ठरतं.

यशदात, म्हणजे राज्य शासनाच्या पुण्यातल्या प्रशिक्षण संस्थेत, चांगले प्रशिक्षक आहेत, मी स्वतः तिथं शिकले आहे. २०११ च्या राज्य प्रशिक्षण धोरणात पदोन्नतीनंतरच्या प्रशिक्षणाला जागा आहे. केंद्रानं २०२० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मिशन कर्मयोगी मंजूर केलं, त्यातले ऑनलाइन पाठ आता खालच्या पदांपर्यंत पोचतात. ते उपयोगी आहेत, पण अवघड सहकाऱ्याशी कसं बोलायचं हे मोबाइलवर व्हिडिओ पाहून येत नाही. शेजारच्या खोलीत फोन वाजत असताना तो व्हिडिओ नीट पाहिलाही जात नाही.

माझी मागणी साधी आहे. अव्वल कारकून, म्हणजे आताचे सहायक महसूल अधिकारी, यांना नव्या टेबलाचा पदभार घेण्याआधी तीन-चार दिवस तालुक्याच्याच ठिकाणी प्रत्यक्ष सराव द्यावा. खोटी प्रकरणं न देता त्यांच्याच कपाटातली खरी द्यावीत, आणि तेवढ्या दिवसांसाठी त्यांच्या टेबलावर पर्यायी माणूस नेमावा. नाही तर ते प्रशिक्षणाला बसतील, पण जीव कचेरीतच अडकलेला राहील. शिकवायला आमच्यासारखी निवृत्त माणसं मानधनाशिवायही येतील.

– एक निवृत्त नायब तहसीलदार, सातारा जिल्हा