गाडी नेमकी कधी थरथरते?

संपादक महोदय,

एक्सलरेटर दाबला की गाडी थरथरते, या तक्रारीत हल्ली पहिला दोष इथेनॉलमिश्रित पेट्रोलला दिला जातो. मग अंदाजाने प्लग बदलतात, इंजेक्टर साफ होतात, कधी क्लचही खाली उतरतो आणि थरथर मात्र तशीच राहते. पेट्रोलमध्ये पाणी किंवा भेसळ असेल तर त्रास सगळ्याच सिलिंडरना होतो. एकच सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे त्यातले इंधन नीट पेटत नसेल, तर खोट टाकीत शोधण्यात अर्थ नाही.

पाना हातात घेण्याआधी थरथर कधी येते ते पाहावे. सर्वांत आधी चाकांचे नट तपासावेत, कारण ढिल्या नटांवर चाचणीसाठीसुद्धा गाडी पळवू नये. मग गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून इंजिन 3000 आरपीएमपर्यंत (मिनिटाला तेवढे फेरे) न्यावे. तेव्हाही थरथर आली तर इंजिन किंवा त्याचे फाउंडेशन (इंजिन ज्यांवर बसते ते रबरी माउंट) पाहावे. उभ्या गाडीत काहीच जाणवले नाही, तर सपाट मोकळ्या रस्त्यावर जायचे आणि ज्या वेगाला थरथर येते तिथे पाय उचलायचा. तरीही ती चालूच राहिली तर चाके बॅलन्सिंगला न्यावीत. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल खरवडला तरी अनेकदा काम होते. पाय उचलताच थरथर थांबली, तर तोच वेग एक गिअर खाली घेऊन पाहावा. थरथर आरपीएमप्रमाणे बदलली तर इंजिन, वेगाला चिकटून राहिली तर एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला ओढ देणारा दांडा. चौथ्या गिअरमध्ये 1200 आरपीएमवर चढ चढवताना येणारी थरथर हा बिघाड नव्हे. तिथे गिअर खाली घ्यायचा, बस.

गाडी गावात नीट चालते आणि पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढालाच हिसके देते, याचे कारण सरळ आहे. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. प्लग झिजून त्याच्या टोकांमधली गॅप वाढलेली असली की ठिणगीचे व्होल्टेज देणारी कॉइल कमी पडते. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत ही गॅप 0.8 ते 1.1 मिमी असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहून फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावा. सीएनजी पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून अशक्त कॉइल सीएनजीवर आधी उघडी पडते. गाडी पेट्रोलवर नीट आणि गॅसवरच मिसिंग असेल, तर प्लग-कॉइलबरोबर गॅसचा फिल्टर आणि गॅसचा दाब कमी करणारा रेड्युसरही बघायला हवा.

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी0302 असा कोड आला तर दुसऱ्या सिलिंडरचे मिसिंग आहे एवढेच कळते. त्यावरून लगेच नवी कॉइल मागवू नये. इंजिन गार झाल्यावर दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि त्याच चढावर गाडी न्यावी. आता पी0303 आला तर कॉइल गेली. पी0302 कायम राहिला तर हाच प्रयोग प्लगवर करावा, मग इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडर दाब धरतो का ते) पाहावे. प्लग काढल्यावर त्याचे पांढरे चिनीमातीचे अंग उजेडात फिरवून पाहावे. केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट टोकापर्यंत न पोहोचता बाहेरूनच उतरतो आहे. प्लगच्या विहिरीत ऑइल साचले असेल तर टॅपेट कव्हरची सीले बदलल्याशिवाय नवा प्लग टाकून उपयोग नाही. इरिडियम प्लगला तारेचा ब्रश लावू नये, त्याचे टोक फार नाजूक असते.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी ताणू नका. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. त्याची आतली जाळी वितळून वाट बुजली की पिकअपच जातो, आणि तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट असतो.

मिसिंग नसताना, वेग धरताना गाडी कमरेतून डावी-उजवी हलते आणि पाय काढताच शांत होते, तेव्हा एक्सलचा गिअरबॉक्सकडचा जॉइंट संशयित धरावा. त्यातले तीन रोलर ज्या खाचांत सरकतात त्या खाचांना चरे पडलेले असतात. ओढ पडली की रोलर तिथे अडकतात. हाताने हलवून हा झिजलेपणा बहुधा कळत नाही. जॉइंट उघडून, जुने ग्रीस पुसून खाचेवरून बोट फिरवले की पायरी लागते. नुसता जॉइंटवरचा रबरी बूट फाटला असेल आणि खाच गुळगुळीत असेल तर नवा बूट आणि ग्रीसवर भागते. म्हणूनच दर सर्व्हिसला बूट बघायला सांगा. वळताना चाकाशी कटकट आवाज येणे हे बाहेरच्या जॉइंटचे लक्षण, त्यासाठी आतला बदलू नये.

पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलतानाच हादरते आणि पुढे सुरळीत जाते, तर क्लच पाहावा. कासच्या हंगामात यवतेश्वर घाटातल्या रांगेत अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली की फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या चाकावर) निळे डाग पडतात. तो न तपासता नुसती प्लेट टाकली तर हादरे परत येतात. मागची चाके ओढणाऱ्या पिकअपमध्ये मागे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि मधली बेअरिंग बघावी; शाफ्ट उतरवण्याआधी जोडाच्या दोन्ही फ्लँजवर खूण केली नाही तर नवी थरथर मागे लागू शकते. डिझेल गाडीत आधी फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे, मग टर्बोचा होज (हवेची नळी) कुठे फाटला आहे का ते पाहावे.

जिल्ह्यातल्या गॅरेजचालकांनी बिलावर दुरुस्तीआधीचा कोड लिहावा आणि ग्राहकाला शेजारी बसवून, जिथे थरथर येत होती त्याच चढावर गाडी दाखवावी. ग्राहकांनीही बदललेला जुना भाग मागून घ्यावा.

– एक गॅरेज कारागीर, सातारा