नुसते 'जंगली रेशीम' लिहून भागत नाही

मा. संपादक,

शहापुरात माझे गाद्या-रजया भरण्याचे दुकान आहे. अलीकडे गिऱ्हाइके प्रदर्शनातून घेतलेल्या 'जंगली रेशमा'च्या रजया पिंजायला आणतात. रेशीम पिंजायचे नसते. रेशीमकिड्यांचे कोश उकळून त्यावरचा डिंकासारखा थर काढतात, मग ते हाताने ताणून थरावर थर रचतात. ते लांब तंतू यंत्रात घातले की तुटून गुठळ्या होतात. रजई सावलीत वाऱ्यावर टाकावी, एवढेच पुरे. कडक उन्हात मात्र नको, रेशीम कमजोर होते.

माल गुणाचा आहे, यात शंका नाही. खानापूर-जांबोटीकडच्या दमट पावसाळ्यात पॉलिएस्टरची रजई घामाने चिकटते, रेशीम ओल शोषून घेते. माझी तक्रार रजईवर लावलेल्या माहितीच्या चिठ्ठीबद्दल आहे. निपाणीकडच्या एका जैन आजींनी मला विचारले, "यात जीव मारलेला नाही ना?" चिठ्ठीवर 'अहिंसा' छापले होते, पण रेशीम कुठले, कोश कसले, याचा पत्ता नव्हता. त्यांना हो कसे म्हणू?

रानातले म्हणून रेशीम अहिंसक होत नाही. आपल्या खानापूरच्या जंगलात ऐन आहे ना, त्याच जातीच्या झाडांवर गडचिरोली, भंडाऱ्याकडे टसर या जंगली रेशमाचे किडे पोसतात. सलग सूत काढायचे तर पतंग बाहेर पडण्याआधीच कोशातला जीव मारावा लागतो. बियाण्यासाठी राखलेले कोश पतंग भोक पाडून निघून गेल्यावर उरतात, त्यांचे सलग सूत निघत नाही, पण ते भरणाला चालतात. आसामच्या एरंडावरील एरी या रेशमाचा कोश तर एका टोकाला मुळातच उघडा असतो. तरीही तिकडे आतला किडा खाण्याची रीत आहे, म्हणून एरी म्हटले की जीव वाचला असे समजू नये.

म्हणून चिठ्ठीवर टसर की एरी, कोश पतंग निघून गेल्यानंतरचे की आधीचे, भरण किती ग्रॅम आणि त्यात पॉलिएस्टर किती, हे विक्रेत्यांनी छापावे. भेसळ ओळखणे अवघड नाही. भरणाचे चार तंतू पेटवले की रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. विक्रेता शिवण दोन बोटे उसवून दाखवायला तयार नसेल, तर गिऱ्हाइकाने पैसे देऊ नयेत.

आपला,
एक गादीवाला, शहापूर, बेळगाव