‘अल्झायमरवर औषध सापडले’ म्हणजे नेमके काय सापडले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अल्झायमरवर औषध सापडले’ अशा अर्थाचे मथळे गेल्या काही वर्षांत अनेकदा वाचनात आले. माझी आई साडेआठ वर्षे स्मृतिभ्रंशाच्या या आजाराने ग्रस्त होती. गेल्या वर्षी ती गेली. ती असताना असा मथळा छापून आला की संध्याकाळपर्यंत दोन-तीन नातलगांचे फोन ठरलेले असत, आणि प्रत्येकाला मी एवढेच सांगत असे की बातमी खोटी नाही, पण ती आईच्या उपयोगाची नाही. फोनवर जे नीट सांगता आले नाही, ते येथे लिहीत आहे.

आधी आमच्या चुकीविषयी. आई पाच मिनिटांत तोच प्रश्न तीनदा विचारू लागली, रोजच्या हिशेबात अडखळू लागली, तेव्हा ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणत आम्ही जवळजवळ दोन वर्षे घालवली. वास्तविक ज्या रुग्णामुळे हा आजार वैद्यकशास्त्राला कळला, ती ऑगस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला आणि त्यात पेशींच्या बाहेर साचलेले पुंजके व पेशींच्या आत पिळवटलेल्या तंतूंचे गुंते त्यांना दिसले. पुढे कित्येक दशके हा पन्नाशीतल्या मोजक्या लोकांना होणारा दुर्मीळ विकार समजला गेला आणि वृद्धांचा विसर म्हणजे निव्वळ म्हातारचळ मानला गेला. दोन्हींच्या मुळाशी एकच आजार आहे, हे अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये ठासून मांडले. आमच्या घरात मात्र तो जुनाच समज चालू होता.

हा उशीर आणखी एका कारणाने घातक ठरू शकतो. विसर पडतो म्हणजे अल्झायमरच, असे नसते. ‘ब१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे मंदावलेले काम, नैराश्य, झोपेच्या किंवा इतर काही गोळ्यांचा परिणाम, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त यांमुळेही माणूस तसाच वागू लागतो, आणि यांतली बरीच कारणे उपचाराने दूर होतात किंवा पुष्कळ आटोक्यात येतात. आईच्या बाबतीत तसे काही निघाले नाही. पण ते दोन वर्षांनी नव्हे, दोन महिन्यांत तपासायला हवे होते.

कारणांविषयी आज जे माहीत आहे, ते अर्धवट असले तरी थोडे नाही. अल्झायमर यांनी पाहिलेले पुंजके ‘बीटा-ॲमिलॉइड’ या प्रथिनाचे, तर गुंते ‘टाऊ’ या प्रथिनाचे असतात. विसर जाणवण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून ॲमिलॉइड साचू लागते. ते ज्या मूळ प्रथिनापासून तयार होते, त्याचे जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते आणि त्यांच्या मेंदूत चाळिशीच्या सुमारासच हे पुंजके दिसतात. पिढ्यान् पिढ्या तरुणपणीच हा आजार होणाऱ्या मोजक्या कुटुंबांतील जनुकीय दोषही ॲमिलॉइड तयार होण्याच्या याच साखळीतले निघाले. ॲमिलॉइडवर संशय बळावला तो यामुळे. तरीही सगळे कोडे त्याने सुटत नाही, कारण मेंदूत भरपूर ॲमिलॉइड असूनही बुद्धी शाबूत असलेले वृद्ध आढळतात आणि रुग्णाची प्रत्यक्ष घसरण टाऊच्या पसरण्याशी अधिक जुळते. मेंदूतील दाह आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान यांचाही हात आहेच. सर्वसाधारण रुग्णांत ‘एपीओई-४’ हे जनुक धोका वाढवते, पण ते असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही आणि नसलेल्यालाही होतो. आईमुळे आम्हालाही तो होणारच का, हा माझ्या भावाचा प्रश्न होता. त्याचे प्रामाणिक उत्तर ‘धोका थोडा अधिक, निश्चिती नाही’ एवढेच आहे.

आता औषधांकडे येते. डोनेपेझिल आणि मेमँटिन ही जुनी औषधे मेंदूतील रासायनिक संदेशांना काही काळ हातभार लावतात, मूळ आजार थांबवत नाहीत. नवी औषधे थेट ॲमिलॉइड काढून टाकतात. त्यांपैकी लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये डोनानेमॅबला. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १,७९५ जण होते व ती १८ महिने चालली. बातम्यांत ‘२७ टक्के’ हा आकडा आला आणि आमच्या ओळखीतल्या कितीतरी सुशिक्षित माणसांनी त्याचा अर्थ रुग्ण २७ टक्के बरे झाले असा घेतला. प्रत्यक्षात दोन्ही गटांतील रुग्णांची प्रकृती त्या काळात खालावलीच. शून्य ते अठरा गुणांच्या मोजपट्टीवर औषध न मिळालेल्यांची घसरण सरासरी १.६६ गुणांची होती, औषध मिळालेल्यांची १.२१. म्हणजे फरक ०.४५ गुणांचा (१.६६च्या सुमारे २७ टक्के, तोच हा आकडा), आणि तो घरच्यांना जाणवण्याइतका आहे का, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. औषध घेणाऱ्या सुमारे १२.६ टक्के जणांच्या मेंदूत सूज दिसली, इतर काहींच्या मेंदूत सूक्ष्म रक्तस्राव झाले. बहुतेकांना त्यातून त्रास जाणवला नाही, पण एपीओई-४च्या दोन प्रती असलेल्यांना हा धोका बराच जास्त असतो, म्हणून जनुकीय तपासणी आणि वारंवार एमआरआय करावे लागतात. आणि चाचणीतले सर्व रुग्ण अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले होते. माझ्या आईला तोपर्यंत स्वतःच्या हाताने घास घेता येत नव्हता.

तरीही मी या संशोधनाला क्षुल्लक म्हणणार नाही. आजाराची गती बदलता येते हे पहिल्यांदाच सिद्ध झाले, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतर हे घडले आहे. माझी तक्रार एवढीच आहे की मथळ्याबरोबर त्याच ठिकाणी, त्याच ठळकपणे, कोणत्या टप्प्यातल्या रुग्णासाठी, किती उपयोग आणि काय धोका, हे छापले जावे.

प्रतिबंधाच्या बातम्यांनाही हेच लागू आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बहिरेपणा, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकाकीपणा, वायुप्रदूषण अशी १४ कारणे धरून स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू शकतील किंवा लांबतील असा अंदाज दिला. हा हिशेब संपूर्ण लोकसंख्येचा आहे. आई रोज चालत असे, शब्दकोडी सोडवत असे, माणसांत असे. ‘थोडी काळजी घेतली असती तर’ हे वाक्य तिच्या मागे आम्हाला ऐकावे लागले, तेव्हा त्या आकड्याचा केवढा गैरअर्थ होतो ते कळले. दुसरीकडे श्रवणयंत्रासारखा साधा उपाय मात्र दुर्लक्षित राहतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९७७ ज्येष्ठांच्या चाचणीत एकूण गटात फरक दिसला नाही, पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी आढळली. आई ऐकू येत नाही म्हणून बोलायची थांबली, की विसरत होती म्हणून, हे आम्ही कधी वेगळे करून पाहिलेच नाही.

शेवटच्या तीन वर्षांत आईला खरोखर आराम दिला तो कुठल्याही नव्या औषधाने नाही. अंधार पडण्याआधी घरातले सगळे दिवे लावणे, अंघोळीची वेळ न बदलणे, ‘मला घरी जायचंय’ असे ती म्हणाली की तिची चूक दाखवण्याऐवजी तिथे कोण कोण आहे ते विचारणे, ती अचानक जास्तच गोंधळली तर लघवीचा संसर्ग नाही ना हे आधी तपासून घेणे, या गोष्टी आम्ही चुकत-माकत शिकलो. त्या आम्हाला पहिल्याच वर्षी वाचायला मिळाल्या असत्या तर तिचे आणि आमचे पुष्कळ हाल वाचले असते. आपल्या आरोग्य पुरवणीत अशा रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी एक नियमित सदर, या विषयातील डॉक्टर व परिचारिकांकडून लिहून घेऊन, सुरू करावे अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक